चौथा कोपरा

वाडी भागातल्या दोऱ्यांच्या दुकानात निरुपमा गेली ती अगदी साध्या कामाला. नातवंडाच्या गोधडीसाठी दोरा हवा होता. दुकानदाराने सवयीने गुजरातीत विचारलं, "बेन, छोकरा माटे के छोकरी माटे?"

"ए तो डॉक्टर पण नथी कहेता, भाई. बधा रंग आपो."

सून भक्तीची अटच तशी होती. गुलाबी नको, निळा नको. मुलगी होवो की मुलगा, बाळाला सगळे रंग मिळाले पाहिजेत. निरुपमाला ही अट मनापासून आवडली होती. सुनेची अट सासूला आवडावी, असा योग त्या घरात वर्षातून एकदा आला तरी पुष्कळ.

तिच्या स्वतःच्याही दोन अटी होत्या, आईकडून आलेल्या. बाळाच्या गोधडीत फक्त हयात माणसांचे वापरलेले कपडे घालायचे, म्हणजे त्यांचं आयुष्य बाळाला लागतं. आणि कोपरे तीनच शिवायचे. चौथा उघडा ठेवायचा आणि बाळ आलं की त्याला मांडीवर घेऊन शिवायचा. आधी शिवला तर गोधडी पुरी होते, आणि पुरी झालेली गोधडी पांघरायला कोणीतरी यावंच लागतं.

भक्तीचं पहिलं बाळंतपण दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच आटोपलं होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. आता पुन्हा सातवा लागला होता, आणि निरुपमाच्या जिवाला घोर होता.

वासणा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मे महिन्याच्या दुपारी चिटपाखरू फिरकत नसे. मुलगा ध्रुव ऑफिसात, भक्ती आतल्या खोलीत आडवी, कूलरची एकसुरी घरघर. निरुपमा खिडकीशी बसून शिवायची. नारिंगी तुकडा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या दत्ताजीरावकाकांच्या फेट्याचा, पोपटी तिच्याच साडीचा, हळदी रंगाचा समोरच्या रसिकाच्या ओढणीचा. तिसरा कोपरा शिवून तिने गाठ मारली. कोपऱ्याची शेवटची गाठ बाहेरच राहते. कापड बंद झाल्यावर हात आत जायचा कसा?

दुसऱ्या दिवशी नारिंगी आणि पोपटीच्या मध्ये तिला एक तुकडा दिसला. जांभळा, त्यावर पिवळे बारीक ठिपके. हा तिने लावला नव्हता. टाके वेडेवाकडे होते, पहिल्यांदाच सुई धरल्यासारखे. तिने तो नाकाशी नेला. दुधाचा वास आला, जरासा आंबूस.

तिच्या मनात पाल चुकचुकली. घराची दुसरी किल्ली रसिकाकडे असायची. लग्नाला अकरा वर्षं, पदरी मूल नाही, आणि आली की गोधडी मांडीवर घेऊन कुरवाळत बसायची. आजवर ते पाहून निरुपमाला दया यायची. आता अंगावर शहारा आला. तिने तुकडा उसवून कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दुपारी तो होता तिथेच होता.

संध्याकाळी रसिका आली, तेव्हा निरुपमाने गोधडी तिच्यापुढे धरली.

"हा तुकडा कुणाचा गं?"

"मला काय माहीत, काकू?"

"तुझ्याशिवाय येतं कोण घरात? किल्ली दे माझी."

रसिकाने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मला सुईत दोरा ओवता पण नाही येत, काकू. तुम्ही माझ्याबद्दल असं समजलात ने..." ती उठून दाराकडे गेली.

निरुपमाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. तिने तुकडा पुन्हा उसवला, गोधडी कपाटात घालून कुलूप लावलं आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दुपारी तिने कपाट उघडलं. जांभळा तुकडा जागेवर होता.

तिने गोधडी बाहेर ओढली, तसं कपाटाचं दार आपटलं. आवाज ऐकून भक्ती दारात आली आणि तिथेच थबकली.

"हा... हा कुठून आणलात, आई?"

"तू ओळखतेस?"

"माझा कुर्ता होता. मागच्या वेळचा. त्याला गुंडाळायला हॉस्पिटलात काही नव्हतं... म्हणून मी फाडून दिला. ध्रुवने त्याला त्यातच ठेवलं... मातीत."

निरुपमा तेव्हा घरी देव पाण्यात घालून बसली होती. तिने ते कापड पाहिलं नव्हतं, ते बाळही नाही. या गोधडीसाठी तिने घरातल्या एकूण एक माणसाचा कपडा मागून घेतला होता, आणि त्या बाळाची मात्र तिला आठवणही झाली नव्हती.

ती कात्रीकडे वळली तशी भक्तीने तिचा हात धरला. "राहू द्या ना, आई. एवढासा तर आहे..."

निरुपमाने तुकडा राहू दिला. एका तुकड्यावर भागत असेल तर भागू दे, असं तिने मनाशी म्हटलं. उद्या रसिकाची माफी मागायची, तेही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने पुन्हा कपाट उघडलं. नवा तुकडा कुठेच नव्हता. तिने सुस्कारा सोडला आणि घडी मोडताना बोटं चौथ्या कोपऱ्यावर गेली.

कोपरा शिवलेला होता. तेच वेडेवाकडे टाके. तिने गाठ शोधली, गोधडी उलटून पाहिली, खिडकीतल्या उजेडात धरली. गाठ बाहेर कुठेच नव्हती. बोटाने चाचपली तेव्हा लागली, कापडाच्या आतल्या बाजूला. कपाटातली गोधडी कोमट होती.

काय होईल ते होवो, कोपरा उघडायलाच हवा होता. तिने कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली सरकवलं.

"आई..." आतल्या खोलीतून भक्तीचा आवाज आला, बारीक, घाबरलेला. "बाळ हलत होतं... एकदम थांबलं."

निरुपमाने श्वास रोखून कात्री बाहेर काढली.

"हं... आता हललं."

त्याच क्षणी तिच्या तळव्याखाली तो शिवलेला कोपराही हलला.