गरजवेधक

भिंतीवरच्या नकाशात कोंडमाळचा हिरवा ठिपका करडा झाला आणि त्याखाली ‘निर्जन’ अशी अक्षरं उमटली. शलाका टिळेकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सह्याद्रीच्या ज्या कड्यावर विजेच्या तारा पोचत नाहीत, तिथलं जोडऊर्जा केंद्र तिनेच उभारलं होतं. ऊन नसेल तेव्हा पवनचक्की, वारा पडला की सौरपट्ट, आणि उरलेली वीज साठवायला संचयघट.

“सर, तिथे चाळीस घरं आहेत!”

“होती,” नियंत्रण केंद्राचे प्रमुख डॉ. हरदास म्हणाले. “गरजवेधक यंत्र वापरावरून गरज ओळखतं. पंधरा दिवस एकाही घरात वापर नाही, म्हणजे वस्ती उठली. एक फ्रीज तेवढा चालू दिसतो. जाताना कुणीतरी विसरलं असेल.”

“माणसं कुठे गेली, हे विचारलं कुणी?”

“यंत्राला माणसं दिसत नाहीत, टिळेकर. वीज दिसते. म्हणून तर ते निःपक्षपाती आहे. उद्या गाडी जाईल. संचयघट उतरवून पायथ्याच्या रिसॉर्टला बसवायचे.”

निःपक्षपाती! डोळ्यांवर कातडं ओढायचं आणि वर त्यालाच न्याय म्हणायचं! शलाका तडक जीप काढून निघाली.

कोंडमाळवर ढग दाटले होते आणि पवनचक्कीचं पातं हलत नव्हतं. आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर म्हाताऱ्या बयाबाई ढेबे राखणीला बसल्या होत्या.

“आवं ताई, वारा न्हाई, ऊन न्हाई. मग समद्यांनी घरची बटनं बंद केली. हितल्या फ्रीजमधी सापाच्या इखावरचं औषिद हाय. मागल्या साली ते नव्हतं, तवा माझी सून गेली. आता त्याच्या वाटची वीज आमी कशी खावी?”

शलाकाला रडू फुटलं. चाळीस घरांनी आपल्या तोंडचा घास काढून दिला, तर यंत्राने त्यांनाच पुसून टाकलं!

“सगळे दिवे लावा,” ती म्हणाली. “पंखे, टीव्ही, सगळं. दहाच मिनिटं. यंत्राला वस्ती दिसू दे.”

लोक कुरकुरले, पण तिच्या शब्दाखातर घरं उजळली. पाचव्या मिनिटाला सगळं विझलं. फ्रीजसुद्धा. तेवढ्यात हरदासांचा फोन आला.

“कोंडमाळला वीजचोरी पकडलीय. निर्जन जागी अचानक वापर, दुसरं काय असणार? यंत्राने पुरवठा तोडला.”

“अहो, अख्खी वस्ती माझ्यासमोर उभी आहे!”

“तुमचा शब्द यंत्रात भरायची सोय नाही.”

तिने फोन आपटला. उपकेंद्राच्या भिंतीवरची वीजपेटी उघडून गरजवेधकाकडे जाणाऱ्या तारा कापल्या आणि संचयघट थेट फ्रीजला जोडले. फ्रीज घुरघुरू लागला.

फोन पुन्हा वाजला. हरदास चक्रावलेले होते. “आता तर कोंडमाळहून काहीच येत नाही. यंत्र म्हणतं, तिथे केंद्रच नाही. नसलेले संचयघट उतरवणार कुठून? गाडी रद्द झाली.”

“नाही ना इथे काही?” शलाका कडाडली. “मग पुन्हा इकडे फिरकूही नका!”

ती वळली, तर समोर एकट्या बयाबाई होत्या. बाकीचे बटणं बंद करायला आपापल्या घरी गेले होते.