चौथ्या फाट्यावरची चूक

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या पेपर मिलच्या कुंपणाला नाक लावून उभा होता आणि वहीत काहीतरी टिपत होता.

मी त्या मिलमध्ये डिस्पॅचला आहे. कुठला डबा कधी आत आला, काय भरून बाहेर पडला, कुणाकडे गेला, हे सगळं मला तोंडपाठ असतं. त्यामुळे आमचे डबे तिसराच कुणी मोजतोय म्हटल्यावर मी तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय लिहिताय?"

"डबे."

"ते दिसतंय. कशाला?"

त्यानं उत्तर द्यायचं सोडून मलाच विचारलं, "या उघड्या डब्यातून काय येतं?"

"लाकडाचे ओंडके."

"आणि जाताना कागद?"

"कागदाला बंद डबा लागतो. उघड्यात भिजेल ना."

"म्हणजे हा बिचारा परत रिकामाच जातो?"

त्याला खरंच वाईट वाटलं होतं. सहा वर्षांत रिकाम्या डब्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. आमच्या साहेबांनीही नाही. मी रागावायला आले होते ते जरा बाजूलाच राहिलं.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "माझ्याकडे एक रेल्वे आहे. छोटीशी, टेबलावरची. इंजिन आहे, डबे आहेत, रूळ आहेत. फक्त ती काय वाहून नेते, तेच ठरत नाहीये... आणि तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय."

खिशातून त्यानं बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला. मी चष्मा काढून कुंपणावरून एका अनोळखी माणसाच्या हातात दिला. आजही मला कळत नाही की का दिला. त्यानं काडीचा स्क्रू आवळला, काचा रुमालानं पुसल्या आणि म्हणाला, "चौकात चष्म्याचं दुकान आहे माझं. रेल्वे वरच्या मजल्यावर."

त्या रविवारी मी गेले. नुसतं बघायला म्हणून.

खोलीच्या तीन भिंतींना लागून कमरेइतक्या उंचीवर प्लायवूड ठोकलेलं होतं आणि त्यावर गोल फिरून येणारा एकच मार्ग मांडलेला होता. भिंतीवर एक यादी होती. कोळशाची खाण, दूध डेअरी, तेलाचा डेपो, सिमेंट, वीटभट्टी, बंदर...

"बंदर?" मी विचारलं. "या खोलीत?"

"त्या कोपऱ्यात."

"आणि समुद्र?"

"खिडकीखाली थोडासा बसेल, असं वाटलं होतं."

"हे गाव आहे की अडगळीची खोली?"

तो हसला नाही. त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि खोडरबर पुढे ठेवलं. तो पूर्ण शरण आला होता, म्हणून मग मलाही चेव चढला.

"एक नियम," मी म्हणाले. "डबा कुठून निघाला, कुणाकडे चालला आणि परत येताना काय आणणार, एवढं सांगता आलं तरच तो कारखाना राहील. नाही तर खोडायचा."

संध्याकाळपर्यंत सात कारखाने खोडून झाले. समुद्र त्यानं स्वतः खोडला, आणि खोडताना माझ्याकडे असं पाहिलं की मलाच अपराध्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी आमचा धागा जुळला. लाकडाच्या वखारीतून ओंडके पेपर मिलला. मिलमधून कागद खोक्यांच्या कारखान्याला. खोकी बिस्किटांच्या कारखान्याला. फाटकी खोकी पुन्हा मिलला, लगदा करायला. चार कारखाने, त्यांच्याकडे मुख्य रुळांवरून वळणारे चार फाटे, आणि गावाचा विषय एकच: कागद.

"आणि बिस्किटं?" त्यानं विचारलं.

"स्टेशनवर उतरतील. लोक खातील."

"कुठले लोक?"

मी टेबलाभोवती एक चक्कर मारली. "तेच म्हणते मी. चार-चार कारखाने, आणि गावात एक घर नाही. कामगार संध्याकाळी जातात कुठे?"

"याचा मी... विचारच केला नव्हता."

"तुम्ही दुकान बंद करून कुठे जाता?"

"इथेच. वर."

"आणि मग?"

"मग रविवारची वाट बघतो," तो पेन्सिलीकडे बघत म्हणाला.

माझ्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यानं दुसरी पुढे केली, टोक काढून तयार ठेवलेली.

त्याच्याकडे त्याची आत्या राहायची. शाळेतून निवृत्त झाली होती, पण हजेरी घ्यायची सवय गेली नव्हती. चहा ठेवता ठेवता म्हणायची, "आज सातवा रविवार." मग, "आज अकरावा." मी कपात तोंड खुपसायचे आणि तो उगाच एखादा डबा रुळावरून उचलून पुन्हा रुळावर ठेवायचा. घरी आईची वेगळीच चौकशी. "एवढ्याशा गाडीला प्लॅन तरी किती लागतो गं?" तिला काय सांगणार? वखारीच्या फाट्यात किती डबे मावावेत यावर आम्ही दोन तास वाद घातला होता. तो म्हणत होता चार, मी म्हणत होते तीन. शेवटी त्यानं तीन केले आणि वर म्हणाला, "तुमच्याशी भांडून हरायला बरं वाटतं." मी त्या वाक्यावर आठवडाभर डिस्पॅचचं काम केलं. एक गाडी चुकीच्या गावाला जाता जाता राहिली.

मी आखायचे, तो आठवड्यात तेवढे रूळ टाकून ठेवायचा. वखारीचा फाटा झाला, मिलचा झाला, खोक्यांचा झाला. सोळाव्या रविवारी तो म्हणाला, "आता फक्त बिस्किटांचा. तो आखून झाला की प्लॅन संपला. मग खडी पसरायची आणि झालं."

"झालं?"

"म्हणजे... तुमची मेहनत संपली. किती रविवार घेतले मी तुमचे."

तो हे सभ्यपणे म्हणाला. पण माझा हिशोब वेगळाच निघाला. मी प्लॅनसाठी येत होते. प्लॅन संपल्यावर मी कशासाठी येणार? तोवर मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला तो आवडत होता. त्याची रिकाम्या डब्यांची काळजी आवडत होती. काच पुसताना तो श्वास रोखायचा, तेही आवडत होतं.

आणि मग मी एक लबाडी केली. डिस्पॅचच्या माणसानं कधीच करू नये अशी.

त्याच्या रेल्वेवर गाडी एकाच दिशेनं फिरते, इंजिन पुढे, डबे मागे. अशा वेळी फाट्याचं तोंड येणाऱ्या गाडीकडे ठेवायचं नसतं. ठेवलं तर इंजिन आधी आत शिरतं, डबे त्याच्या मागे, आणि फाट्याचं दुसरं टोक तर बंद. डबे तिथे सोडून इंजिनाला बाहेरच पडता येत नाही. तोंड उलट बाजूला असलं की गाडी पुढे जाऊन थांबते आणि मागे रेटत डबे आत ढकलते. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमचं एक इंजिन असं अर्धा दिवस अडकलं होतं, त्यामुळे मी हे विसरणं शक्यच नव्हतं.

मी चौथ्या फाट्याचं तोंड नेमकं येणाऱ्या गाडीकडे काढलं. व्यवस्थित, पट्टी लावून. म्हटलं, रूळ टाकल्यावर चूक कळेल, दुरुस्तीत अजून दोन-तीन रविवार जातील.

त्यानं कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. "छान आहे," म्हणाला.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. मंगळवारी लक्षात आलं की हे रूळ गोंदानं पक्के बसवतात. म्हणजे चूक काढायची तर प्लायवूडच खरवडावं लागणार. त्या माणसानं माझ्यावर विश्वास टाकून समुद्र खोडला होता, आणि मी त्याचं गाव बिघडवून बसले होते. सतराव्या रविवारी भुरभुर पाऊस होता. मी छत्री न उघडताच जिना चढले.

"या. पहिली गाडी तुमच्यासमोर सोडायची म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला.

"त्याआधी मला काहीतरी..."

पण त्यानं बटण फिरवलं होतं. गाडी वखारीवरून निघाली, मिलपाशी कागद भरल्यासारखी थबकली, खोकी घेतली आणि ऐटीत बिस्किटांच्या फाट्यात शिरली. इंजिन टोकाला जाऊन थांबलं. मागे चार डबे. सगळं गाव तिथल्या तिथे अडलं.

"मी मुद्दाम केलं," मी म्हणाले. माझा चष्मा पावसानं ओला होता, त्याचा चेहरा धूसर दिसत होता आणि मला ते बरंच वाटत होतं. "मला माहीत होतं हे अडकणार. प्लॅन संपला असता ना... म्हणून. तुमचे रूळ वाया गेले. मला माफ करा."

त्यानं माझा चष्मा हळूच काढून घेतला, पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. मग टेबलाकडे वळून चौथ्या फाट्याचे रूळ दोन बोटांनी उचलले. ते अलगद वर आले. खाली चार टाचण्या होत्या.

"गोंद?" मी विचारलं.

"फाटा उलटा आहे हे मला तुमची पट्टी कागदावर होती तेव्हाच दिसलं. म्हटलं, बाई स्वतःहून अजून दोन रविवार देतायत, कशाला नाही म्हणा."

मला हसावं की चिडावं कळेना. मी खोक्यांच्या फाट्याला हात लावला. तोही हलला. मिलचा हलला. वखारीचा, ज्यावर आम्ही दोन तास भांडलो होतो आणि जो टाकून तीन महिने झाले होते, तोही नुसता टाचण्यांवर होता. फळीवर गोंदाची बाटली होती. तिचं झाकण अजून सीलबंद होतं.

"अख्खं गाव?"

"गोंद लावला की काम संपतं," तो म्हणाला. "आणि काम संपलं की तुम्ही... मला विचारायचं होतं. दर रविवारी ठरवायचो. मग आत्या आकडा सांगायची आणि धीर सुटायचा."

"काय विचारायचं होतं?"

"कामगार संध्याकाळी जातात कुठे, हे तुम्ही विचारलं होतं ना? मिलच्या मागे घर बांधायचं म्हणतोय. एकच... पण दोघांचं."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "कुंपणापासून."

मग मी बाटलीचं सील फोडलं, कारण त्याच्या हातून ते होण्यातलं नव्हतं. चौथ्या फाट्याचं तोंड सरळ केलं, गोंदाची रेघ ओढली आणि रूळ त्यावर ठेवले. दोन्ही टोकं एकदम दाबून धरायला दोन माणसांचे चार हात लागतात. त्याची बोटं माझ्या बोटांना टेकली आणि तिथेच राहिली.

आत्या चहा घेऊन वर आली. आमच्याकडे पाहिलं, गोंदाच्या उघड्या बाटलीकडे पाहिलं, आणि आकडा न सांगताच कप ठेवून खाली गेली.

बाटलीवर लिहिलं होतं, दहा मिनिटं दाबून धरा. आम्ही चहा गार होईपर्यंत धरलं.