चकातला अर्धा जॉब

ही गोष्ट खरी आहे.

म्हणजे ती मार्तंडरावांनी सांगितली, म्हणून खरी आहे. राहुरीच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली. सिद्धतेशिवाय ते चहात साखरसुद्धा घालून घेत नाहीत.

दिवस संक्रांतीनंतरचा गुरुवार. स्थळ त्यांच्याच घरामागची, पूर्वी स्कूटर ठेवायची खोली. वेळ भर दुपारची.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी राहुरीची दुपार पाहिलेली नाही. लाईट गेलेली. गिरणी थांबलेली. गाव जेवून आडवं झालेलं. एखाद्या भुताला निवांतपणे काही काम उरकायचं असेल, तर याहून सोयीची वेळ नाही.

सुरुवात मात्र दिवाळीत झाली.

निवृत्त माणसाला मोबाईल आणि मोकळा वेळ एकदम मिळाला की काहीतरी विपरीत घडतंच. कुणी शेअर बाजारात पडतो, कुणी कवितेत. मार्तंडराव जुनी यंत्रं दुरुस्त करण्याचे व्हिडिओ बघू लागले. गंजलेलं धूड शेवटी आरशासारखं चमकायचं. ते बघता बघता त्यांना एक जुनी सल आठवली. इतकी वर्षं फळ्यावर हजारो वर्तुळं काढली, त्यातलं एकही खरं गोल नव्हतं.

त्यांना एक तरी खरी गोल वस्तू स्वतःच्या हातानं करायची होती. त्यासाठी लेथ, म्हणजे धातू फिरवत कापून गोल करायचं यंत्र, हवा होता.

तो मिळाला तिसगावात. मोठ्या शिलाई मशीनएवढा, जुना, पट्ट्यावर चालणारा. मालक कानिफनाथ टर्नर दोन पावसाळ्यांपूर्वी वारले होते. जेवून उठले आणि गेले. त्यांची बायको मालनबाई लेथ विकायला तयार झाली, पण चहा पाजताना दोन गोष्टी तिनं सांगितल्या.

पहिली, याच लेथनं कानिफनाथांच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नेलं होतं. उरलेल्या थोट्या बोटाला गार लोखंड लागलं की कळ जायची. म्हणून त्या बोटाला घालायला ते एक पितळेची टोपी करत होते. ती अर्धीच राहिली.

दुसरी गोष्ट तिनं लेथपाशी उभं राहून सांगितली. यंत्राच्या जबड्यात, ज्याला टर्नर लोक चक म्हणतात, तो पितळेचा तुकडा, त्यांच्या भाषेत जॉब, अजून घट्ट धरलेला होता.

"ह्यो जॉब तेवढा काढू नका, सर. अर्धा जॉब चकातून काढीत न्हाईत. ह्यांनी कधी काढला न्हाई."

"बरं," मार्तंडराव म्हणाले. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे होतं. कानिफनाथ लेथवर हात ठेवून उभे. एकेक बोट केळ्याएवढं.

टेम्पोतून लेथ उतरला तेव्हा नीलांबरीबाई दारात उभ्या होत्या. पेर गेल्याची हकिकत नवऱ्यानं त्यांना उत्साहात सांगितली. अशा गोष्टी बायकोला उत्साहात सांगू नयेत.

"दहा बोटं घेऊन रिटायर झालात," त्या म्हणाल्या. "दहाच्या दहा घेऊन वर जा. मला नऊ बोटांच्या नवऱ्याला आमटी-भात कालवून द्यायची हौस नाही."

मार्तंडराव कामाला लागले. गंज खरवडला. डिझेलनं चिखलासारखं वंगण धुतलं. वरच्या अंगाला दर खंडेनवमीला लावलेल्या हळदीकुंकवाचे थरावर थर बसून दगड झाला होता, तोही सुरीनं काढला. पट्टा धुऊन खिळ्याला टांगला.

हातानं फिरवायच्या चाकाची मूठ वापरून वापरून चकाकत होती. तिच्यावर एक बोट मावेल एवढी जागा मात्र गंजलेली. तिथे बोट टेकतच नव्हतं ना...

त्यांनी तीही घासून चकचकीत केली.

शेवटी चक उरला. आत गंज होता, आणि जॉब न काढता तो साफ होणार नव्हता. दोन-तीन दिवस ते चकाभोवती फिरले. मग भूमितीचा विजय झाला. जॉब काढल्यानं काय होतं, याची सिद्धता कुणी दिली नव्हती.

त्यांनी जॉब काढला.

बोटाहून जाड असा पितळेचा भरीव तुकडा. एका टोकाला उथळ खड्डा. त्यांनी तो टेबलावर, शब्दकोड्याच्या कात्रणांवर वजन म्हणून ठेवला.

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही.

मग तो गुरुवार आला.

जेवण झालं होतं. लाईट नव्हती. मार्तंडराव पलंगावर पडले होते. डोळा लागणार, एवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

टक्... टक्... टक्...

पट्ट्याच्या दोन टोकांना जिथे शिवण असते, तो जोड पुलीवरून गेला की असा आवाज येतो. व्हिडिओत त्यांनी तो शंभरदा ऐकला होता.

ते उठले. दार ढकललं.

आवाज थांबला.

लेथ गप्प. पट्टा खिळ्यावर...

तो अजून मशीनवर चढवलेलाच नव्हता.

मार्तंडरावांनी ठरवलं, शेजारची पिठाची गिरणी असेल. मग त्यांना आठवलं, गिरणीलाही लाईट लागते. हे आठवायला नको होतं.

संध्याकाळी नीलांबरीबाई झाडू घेऊन आल्या. "त्या खोलीत शिरा केलात की काय? हा कसला रवा सांडलाय?"

फरशीवर बारीक, पिवळा, चमकणारा बुरा होता. पितळ कापलं की पडतो तसा.

मार्तंडरावांनी अजून काहीच कापलं नव्हतं.

ते टेबलाकडे गेले. तुकडा जागच्या जागी होता. फक्त त्याचा खड्डा...

खोल झाला होता.

सिद्धतेवाला माणूस घाबरला की आधी चूक दुरुस्त करायला जातो. त्यांनी जॉब परत चकात धरला. पण तो एकदा सुटला की पहिल्या जागी बसत नाही. चक हातानं फिरवला तर जॉब पिसाळल्यासारखा वाकडातिकडा फिरे. पुन्हा काढला, पुन्हा धरला. कितीदा तरी.

शेवटी दुसऱ्या दिवशी जॉब खिशात घालून त्यांनी मालनबाईंना फोन लावला. दुपारच होती. लाईट नव्हतीच.

मालनबाईंनी एवढंच विचारलं. "सर, काढला का काय तुमी त्यो?"

मार्तंडराव आयुष्यात एकदाच खोटं बोलले.

"नाही."



"मग चालू कसा काय हाय?"

"काय चालू आहे?"

"लेथ. मागं आवाज येतोय की तुमच्या."

मार्तंडराव लेथसमोरच उभे होते. चक स्थिर. पट्टा खिळ्यावर. त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"ह्यांच्याच हाताचा आवाज हाय," मालनबाई हळूच म्हणाली. "पितळ कापत्यात." आणि फोन ठेवला.

खिसा गरम लागत होता.

त्यांनी तुकडा बाहेर काढला. नुकत्याच कापलेल्या धातूसारखा तो हाताला चटका देत होता. त्याची पूर्ण टोपी झाली होती. एक तोंड उघडं, एक बंद, बाहेरून आरशासारखी गुळगुळीत. आणि इतकी गोल, की मार्तंडरावांनी फळ्यावर काय, स्वप्नातही तसं वर्तुळ कधी काढलं नव्हतं.

पण कानिफनाथांच्या केळ्याएवढ्या बोटाला ती बसली नसती. फारच अरुंद होती.

करू नये ते त्यांनी केलं. टोपी स्वतःच्या उजव्या तर्जनीवर चढवली.

वरच्या पेरावर ती सैल होती. खुळखुळली. त्यांना एवढं बरं वाटलं, की ते एकटेच हसले.

मग सवयीनं त्यांनी जाडी मोजायचा कॅलिपर काढला. आधी टोपीचं आतलं माप घेतलं. मग मधल्या पेराची जाडी.

पुन्हा घेतलं. पुन्हा.

केसाचाही फरक नव्हता.

आता मागच्या खोलीला कुलूप आहे. लेथ विकायला काढला, पण बघायला आलेला माणूस दारातूनच परत जातो. कारण सांगत नाही.  हल्ली नीलांबरीबाई विळी आणि अडकित्ता उचलून ठेवतात, आणि मार्तंडरावांना दाराच्या फटीजवळ हात ठेवू देत नाहीत.

टोपी टेबलावरच आहे. कालव्यात टाकायला ते दोनदा निघाले, दोनदा अर्ध्या वाटेवरून परत आले. कुठल्या पाण्यात टाकली तर कुठून परत येईल, याची सिद्धता त्यांच्याकडे नाही.

परवा मी गेलो होतो. मार्तंडराव उजवा हात सदऱ्याच्या खिशात ठेवून डाव्या हातानं चहा पीत होते. मी म्हटलं, अहो, योगायोग असेल. माप कुणाचंही जुळतं.

ते शांतपणे म्हणाले, "टोपी माझ्याच बोटाची आहे. वरचं पेर तेवढं आड येतंय."

तेवढ्यात लाईट गेली.

आम्ही दोघांनीही कप खाली ठेवले...