लागीची फीत

इओएलूच्या कानाबद्दल सफोतु गावात कुणालाच शंका नव्हती. गाडीतला टेप किरकिरू लागला की लोक त्याला बोलवायचे. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक टेपला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पट्टा सैल झालाय," नाहीतर "चाकाचा दात गेलाय." उघडून पाहिलं की बहुतेक वेळा तेच निघायचं.

म्हणूनच सिएनीने त्याला बोलावलं. तिची जुनी पांढरी पिकअप विणकाम-घराला लागून, विलायती फणसाच्या सावलीत उभी असे. विणकाम-घर म्हणजे खांब, वर पत्रा आणि खाली फरशी, भिंती नाहीत. बायका मांडी घालून विणायच्या आणि पलीकडे समुद्र खडकांवर आपटत राहायचा.

सिएनीची थोरली बहीण लागी मागच्या वर्षी गेली. आपल्या लेकीच्या, तेउइलाच्या लग्नासाठी तिने सुरू केलेली चटई अर्धीच राहिली होती. चटई म्हणायची म्हणून. हातात घेतली तर मऊसूत कापडच. केवड्याची पात नखाने इतकी बारीक चिरणारी बाई साऱ्या सवाई बेटावर दुसरी नव्हती, आणि हे इओएलू कुणाशीही भांडून सांगायचा. लागी विणायला बसली की बाकीच्या बायका आपलं काम टाकून तिच्या बोटांकडे बघत बसायच्या. ऑकलंडहून आलेल्या भावाने एकदा ती विणत असताना तिचं गाणं, बोलणं, बायकांना रागावणं असं सगळं कॅसेटवर घेतलं होतं. सिएनी आता तीच कॅसेट गाडीत लावायची आणि तिच्या ठेक्यावर सुजल्या बोटांनी चटई पुढे न्यायची.

"काहीतरी तिचा आवाज दाबून टाकतंय बघ," सिएनी म्हणाली. "चर्र, चर्र. ठेकाच कळत नाही. आणि लग्न तोंडावर आलंय."

"टेप म्हातारा झालाय, मावशी."

"म्हातारी मीही झालेय. मी करते का कुरकुर?"

"दिवसभर करते," कुणीतरी मागून म्हणालं आणि बायका खिदळल्या.

इओएलूने इंजिन बंद केलं. चर्र चालूच. आवाजाचं बटण शून्यावर आणलं. लागीचं गाणं थांबलं, चर्र नाही. म्हणजे दोष विजेचा नव्हता, यंत्राचा होता. त्याला बरं वाटलं. दुसरी कॅसेट घातली तर टेप अगदी गप्प. मग खराबी लागीच्या कॅसेटमध्येच असणार. त्याने फीत काढून जपून नव्या डबीत बसवली. तरी चर्र. तीच कॅसेट आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन टेबलावरच्या टेपमध्ये लावली, तर नुसती लागी, स्वच्छ, जणू शेजारीच बसलेली. मग पिकअपच दुकानात नेली. तिथेही काही नाही. विणकाम-घराशेजारी आणली की पुन्हा चर्र.

त्याने स्क्रूड्रायव्हर कानामागे धरला आणि बराच वेळ ऐकलं. यंत्राचा आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो, न चुकता. हा तसा नव्हता. मध्येच थांबायचा, थोडा लांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. असा आवाज त्याने आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकला होता. केवड्याची पात नखाने चिरतानाचा आवाज होता तो.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

एवढ्यात सांजेच्या प्रार्थनेचा शंख झाला. रस्त्यावर माणसं जागच्या जागी उभी राहिली, बायकांनी हातातलं काम खाली ठेवून माना झुकवल्या. टेप बंद करायचा इओएलू विसरला. आतल्या चकत्या फिरत होत्या.

चर्र मात्र थांबलं होतं.

पुन्हा शंख झाला, प्रार्थना संपली, रस्ता चालू लागला. आणि चर्रही. यंत्राला शंख कळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

कॅसेट मात्र लवकर संपली. त्याने काढून उजेडात धरली. नव्या डबीत बसवताना फितीचं चांगलं जाड वेटोळं होतं. आता ते निम्म्याहून कमी होतं.

"इओएलू, इकडे ये," सिएनीने हलकेच हाक मारली. बाकीच्या बायका घरी गेल्या होत्या. "मी दुपारी इथवर सोडलं होतं."

तिच्या बोटापुढे नवी वीण होती. घट्ट, सरळ, लागीच्या हाताची. पण रंग पातीचा नव्हता. तपकिरी, चकचकीत. इओएलूने वाकून हात लावला आणि त्याला लगेच कळलं. कॅसेटची फीत होती ती. उभी चिरलेली, तिच्या कितीतरी बारीक पट्ट्या केलेल्या. असं कुठल्याही पात्याने साधलं नसतं. भीती वाटत असूनही तो मनात म्हणाला, काय हात आहे.

"बंद करतो, मावशी. फीत संपली तर तिचा आवाज संपेल. तिची दुसरी कॅसेट नाही."

सिएनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही.

"पोरीचं लग्न आहे," ती म्हणाली. "चालू ठेव."

शनिवारी फीत संपली. डबीत नुसत्या दोन उघड्या चकत्या राहिल्या. किनार वीतभर कमी पडली होती.

"माझ्याकडे कोऱ्या कॅसेट आहेत," इओएलू म्हणाला.

"कोरी तिच्या काय कामाची?"

सिएनी गाडीत जाऊन बसली. काच वर केली. रिकामा टेप चालू केला आणि त्याच्याकडे तोंड करून गाऊ लागली. बाहेर इओएलूला तिचं गाणं पुसट ऐकू येत होतं, आणि गाण्याखाली चर्र, चर्र.

"तू जा घरी," तिने आतून हाताने खुणावलं.

रविवारी सकाळी चर्चला जाताना तो विणकाम-घराशी थांबला. चटई पूर्ण झाली होती. शेवटची वीतभर किनार ना पातीची होती, ना फितीची. पांढरी होती, जवळजवळ आरपार दिसणारी. सिएनी पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर हॅट घालून शेजारी बसली होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"झाली, मावशी?"

तिने मान हलवली आणि खूप दिवसांनी मनापासून हसली, तोंड उघडून, खांदे हलवत.

इओएलूने कान दिला. समुद्र ऐकू येत होता, फणसाची पानं ऐकू येत होती, तिचं हसू नाही. ती हसतच होती.