टेपचं खालचं टोक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मातीचं धरण बांधलं जात होतं आणि मी तिथे मोजणीदार होतो. काम साधं. खडकावर उभी केलेली एक लोखंडी नळी भरावातून वर आलेली, तिच्याभोवती खोल मातीत एक कडी पुरलेली, कडीचा दांडा फटीतून नळीच्या आत आलेला. रोज सकाळी वजन बांधलेला टेप नळीत सोडायचा. वजन कडीच्या दांड्याशी अडकलं की आकडा लिहायचा. माती दबली की कडी खाली जाते, आकडा वाढतो. फार वाढला तर काम थांबवायचं.

रोलरवाला वर चढण्याआधी न चुकता विचारायचा, "साहेब, आज किती?" मी सांगितल्याशिवाय त्याने कधी इंजिन सुरू केलं नाही.

त्या आठवड्यात धुकं दाटलं होतं, नळीपर्यंतची चढण चिखलाची. मी केबिनमध्ये चहा पीत कालच्या आकड्यात दोन मिलिमीटर मिळवायचो आणि मोकळा व्हायचो. असे सहा दिवस गेले. सातव्या सकाळी तो दारात आला.

"आज किती?"

"बारा मीटर सेहेचाळीस. जा बिनधास्त."

तासाभरात भरावाचा अख्खा उतार रोलरसकट खाली गेला. रोलरवाला सापडलाच नाही.

चौकशीला मोठे इंजिनिअर आले. नळी तेवढी उभी होती. त्यांनी स्वतः टेप सोडला. कडी हातभर तरी खाली गेलेली असणार, हे मला ठाऊक होतं. टेप सरसरत गेला... आणि थांबला.

"बारा सेहेचाळीस," ते म्हणाले. "तुमची नोंद बरोबर आहे."

मी मोजलंच नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. ते न सांगता मी नोंदवही मिटली. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला हायसं वाटलं.

टेप वर ओढू लागलो तर येईना. खालून कुणीतरी घट्ट धरलेला... मग अलगद सुटला. वजनावर ओल्या मातीचे चार बोटांचे ठसे होते. माझा शब्द रोलरवाला तसाच धरून बसला होता. मी ठसे रुमालाने पुसले.

परवा घरी पडद्यांचं माप घेत होतो. बायको स्टुलावर, टेपचं वरचं टोक तिच्या हातात.

"अहो, खालचं टोक सोडा ना... किती ओढताय?"

मी दाराशी होतो, हातात वही आणि पेन्सिल. खिडकीखाली टेप ताठ ताणलेला होता.

"सोडलं," मी म्हणालो, आणि न बघताच वहीत आकडा लिहिला.