शेजारात दोघंच

पोरांनो, डोळे मिटा आणि चला माझ्याबरोबर भोरच्या एसटी स्टँडवर. बाकावर स्नेहल बसलीय, भाटघरला जायच्या गाडीची वाट बघत. तेवढ्यात भोरचाच एक तरुण, मंदार, मोबाईल पुढे करतो.

"हे आपल्या तालुक्याचं नवं नेटवर्क, 'शेजार'. मीच बनवलंय. घ्या ना!"

"ह्यात हायत कोण कोण?"

"सध्या... मी एकटाच."

"मंग म्या बोलू कुणाशी?"

"माझ्याशी बोला की!"

स्नेहल हसली, आणि तिनं घेतलं.

झालं! शेजारात दोघं राहू लागले. त्यानं घाटातल्या धुक्याचा फोटो टाकला की ती म्हशीचा टाकायची.

"तुमच्यासारखीच हसते," त्यानं लिहिलं.

"मंग तिलाच मागणी घाला."



स्नेहलची बाकी वाडी मात्र शेजारात येईना. स्नेहलच्या भिडेखातर सतरा जणांनी नाव घातलं, "राम राम" लिहिलं आणि सगळे जुन्या ग्रुपवर परतले. तिथं मावशी होती, दूधवाला होता, अर्धी राहिलेली भांडणंही तिथंच होती. जो तो म्हणे, आधी बाकीचे जाऊ देत, मग मी. माणसाचा पाय आपल्या माणसांतून निघत नाही, पोरांनो.

एके दिवशी मंदारनं लिहिलं, "श्रावणात शेजार बंद करतो. बंगळुरूला नोकरी मिळतेय."

 तेव्हा स्नेहलनं एक धाडस केलं. त्या गुरुवारी तिच्या घरची इर्जिक होती. म्हणजे अख्खी वाडी एका घरची भातलावणी करते आणि जेवण त्या घरचं. निरोप तिनं फक्त शेजारवर टाकला. शेजारात येतील की मग आपोआप!

गुरुवारी बांधावर आलं कोण? मंदार. एकटाच!

"स्नेहल, तीस जणांच्या भाकरी थापल्यात म्या," आई अंबूबाई म्हणाली. "मानसं कुठं गं?" तिच्याशेजारी सात वर्षांची शुभ्रा, स्नेहलची भाची, टकामका बघत होती.

मंदार पँट दुमडून स्नेहलबरोबर भाताच्या खाचरात उतरला.

"अवो, ही रोपांची वळ हाय का गारुड्याचा साप?"

"तुम्ही बघता, मग हात वाकडा जातो."

"मंग न्हाई बघत."

"बघा... बघा ना."

पण स्नेहलचे डोळे भरून आले. "आज रोपं लागली न्हाईत तर पिवळी पडतील. माझंच चुकलं. तुमी जाऊ नये म्हणून केलं म्या हे."

"शेजार चालावा म्हणून?"

"शेजार गेला खड्ड्यात! तुमी ऱ्हावं म्हणून."

तिचे चिखलाचे हात तसेच हातात धरून मंदार उभा राहिला. "मग राहतो. भोरमध्येही काम मिळेल. पण तुम्ही... तू... माझ्याशी लग्न करशील?"

"व्हय!" ती इतक्या जोरात म्हणाली की बगळे उडाले.

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. शुभ्रानं मात्र आत्याचा मोबाईल उचलला, जुना ग्रुप उघडला, बोलून निरोप धाडायचं बटण दाबलं आणि त्यात तोंड घालून ओरडली, "आमच्या खाचरात आत्या आन् तिचा नवरा दोघंच लावत्यात, समदी पळत या!"