पेगची पावलं

"माझ्या पणजीला तुम्ही पुसून टाकलंत."

संग्रहालयात जुनी ध्वनिमुद्रणं साफ करणाऱ्या फेलिमशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्याने कानांवरचे हेडफोन उतरवले, दारात निथळत उभ्या असलेल्या मला पाहिलं, आणि आधी काय केलं असेल? टेबलावरच्या मेणाच्या नळकांड्यांवर झाकण ठेवलं. मी काय त्या खाणार होते?

राग यावा असंच घडलं होतं. माझे पणजोबा टायग काखेत पिशवी धरून, कोपराने भाता दाबत पाइप नावाचं वाद्य वाजवायचे. अख्ख्या क्लेअर परगण्यात त्यांचं नाव. नव्वदेक वर्षांपूर्वी एक हौशी पाद्री कर्ण्याचं यंत्र घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात आला आणि त्याने ते वादन मेणावर कोरून नेलं. येत्या रविवारी ते पहिल्यांदा रेडिओवर लागणार होतं. डब्लिनच्या संग्रहालयाने आम्हाला आधीच एक कॅसेट पाठवली. आजीने ती हात जोडून ऐकली... आणि संपल्यावर एवढंच विचारलं, "बाबा आहेत. माझी आई कुठे गेली?"

आजीची आई, पेग. आजी आठ वर्षांची असताना ती गेली. फोटो नाही, पत्र नाही. पाद्री आला त्या दिवशी घराचं खालचं अर्धं दार बिजागऱ्यांवरून उतरवून तिने जमिनीवर टाकलं होतं, आणि पाइप वाजत असताना त्यावर ती नाचली होती. तिचं जगात उरलेलं काही असेल, तर तेवढंच.

फेलिमने शांतपणे समजावलं, की धपधप असा काहीतरी आवाज होता खरा, जमीन हादरून सुई उडाल्यासारखा. तीन आठवडे बसून त्याने तो काढला होता. वर अभिमानाने म्हणाला, "आता किती स्वच्छ वाटतं, नाही?"

"स्वच्छ? केर होता का तो?"

"टायगच ठेका धरत असतील पायाने —"

"मांडीवर पाइप टेकवलेला माणूस असा ठेका धरेल?" मी म्हणाले, आणि तिथेच, त्याच्या त्या चकचकीत फरशीवर, ओल्या बुटांनी नाचायला लागले. पेगने आजीला शिकवलेली, आजीने मला शिकवलेली पावलं. रागात नाचले, त्यामुळे जरा जास्तच जोरात.

तो बघत राहिला. मग त्याने मूळ प्रत लावली. नशीब, ती तरी ठेवली होती! खरखरीतून पाइप उमटले, आणि त्यांच्याखालून धप, धप-धप... माझ्या पावलांवर तंतोतंत पाऊल.

थांबले तेव्हा मी रडत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

माझ्यासमोरच त्याने रेडिओवाल्यांना फोन लावला. चूक माझी आहे, ती साफ केलेली प्रत परत द्या, मूळ पाठवतो, म्हणाला. पलीकडून बराच वेळ बोलणी बसली. तो मुकाट ऐकत होता, आणि माझा राग... छे, होताच अजून. फक्त त्याचे कान लाल झालेले बरे दिसत होते, इतकंच.

शनिवारी तो मूळ प्रतीची कॅसेट घेऊन स्वतः क्लेअरला आला. आजीने डोळे मिटून ऐकलं. धून संपली, मी उठणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरून मला बसवलं. नंतरचंही थोडं त्याने कापलं होतं म्हणे. नुसती बडबड समजून.

धापा टाकणारा बाईचा आवाज आला. "शेवटी लय पळवलीस, टायग. माझे पाय काय तुझ्या बापाचे आहेत?" मग एका पुरुषाचं हसू.

आजीने रुमालाऐवजी चहाच्या किटलीचं फडकंच डोळ्यांना लावलं. मी बाहेर आले. हात न सोडता फेलिम मागोमाग आला.

"हेही कापलंत!" मी म्हणाले.

"भांडण वाटलं मला."

"भांडण? ... आमच्या घरात प्रेम असंच करतात."

तो हळूच म्हणाला, "मग तू माझ्याशी आणखी भांडशील?"

"ते तू चुका किती करतोस यावर आहे."

"भरपूर करतो," तो म्हणाला. माझा हात अजून त्याच्याच हातात होता, आणि मला तो सोडवून घ्यायचं सुचलं नाही.

आतून आजी ओरडली, पुन्हा लावा. आम्ही दोघंही हललो नाही. ती आणखी दोनदा ओरडली, आम्हा दोघांना आळशी म्हणाली... आणि मग घरातून पेगची पावलं ऐकू येऊ लागली. शेवटी बटण तिनेच दाबलं होतं.